समेटाचं शिबिर कसं चालतं?

रवांडाच्या डोंगराळ खेड्यांत अशी घरं आजही आहेत: वरच्या अंगाला १९९४ मध्ये नवरा आणि मुलं गमावलेली बाई राहते आणि खालच्या अंगाला त्याच हत्यांमध्ये हात असलेला, शिक्षा भोगून परतलेला शेजारी. पाणवठा एक, बाजार एक, रविवारचं चर्चही बहुधा एकच. या दोघांनी पुढची वीस-तीस वर्षं काढायची कशी? सरकारने त्यावर न्यायालयं काढली, आयोग नेमला. चर्चमधल्या काही माणसांनी वेगळी वाट धरली. ख्रिस्ती मंडळींत या कामाला ‘समेटाचं सेवाकार्य’ म्हणतात. ते प्रत्यक्षात कोण चालवतं, कसं चालतं आणि कुठे फसतं, ते आपण क्रमाने बघू.

आधी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय पुढचं नीट लागणार नाही.

६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचं विमान पाडलं गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून सुमारे शंभर दिवस तुत्सींची कत्तल चालली. त्यांना वाचवू पाहणारे, राजवटीला विरोध करणारे हुतूही मारले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने आठ लाख माणसं गेली. रवांडाचं सरकार हा आकडा दहा लाखांच्या वर धरतं. हुतू आणि तुत्सी या दोन गटांची भाषा एक, गावं एक, देवही एकच. फरक ठळक केला तो ओळखपत्राने. १९३० च्या दशकात बेल्जियन राजवटीने प्रत्येकाच्या कार्डावर गट लिहायला लावला आणि साठ वर्षांनी रस्त्यावरच्या नाक्यांवर तेच कार्ड बघून माणसं मारली गेली.

देशातली दहांतली नऊ माणसं ख्रिस्ती होती. जीव वाचवायला लोक चर्चमध्ये धावले आणि तिथेच हजारोंनी मेले. न्यामाता आणि न्तारामा इथली चर्च आज स्मारकं आहेत. न्यांगे इथे लोक आत असताना चर्चच बुलडोझरने पाडलं गेलं. तिथले धर्मगुरू अथानास सेरोम्बा यांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या अपील खंडपीठाने २००८ मध्ये जन्मठेप दिली. कॅथलिक आर्चबिशप तर वर्षानुवर्षं सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती समितीवर होते. उलट उदाहरणंही आहेत. ‘आफ्रिकन एंटरप्राइज’ या सुवार्ता संस्थेच्या रवांडा शाखेचे प्रमुख इस्राएल हावुगिमाना स्वतः हुतू. दोन्ही गटांतल्या पाळकांना ते एकत्र बसवत होते. कत्तल सुरू झाली तेव्हा पहिल्या बळींमध्ये ते होते.

हे लक्षात घेतलं की पुढचा पहिला टप्पा असा का आहे ते आपल्याला कळेल.

आधी पाळक, मग गाव

पाळक म्हणजे प्रोटेस्टंट मंडळीचा धर्मसेवक. समेटाचं काम करणाऱ्या बहुतेक संस्था गावात थेट शिबिर घेत नाहीत. आधी त्या परिसरातल्या पाळकांना आणि मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलावतात. कारण उघड आहे. ज्या व्यासपीठावरून लोकांना क्षमेबद्दल सांगायचं त्या व्यासपीठावरच लोकांचा विश्वास उरलेला नसतो, आणि तिथे उभं राहणाऱ्याने १९९४ मध्ये काय केलं हे गावाला ठाऊक असतं.

या कामात पुढे आलेली माणसं स्वतः पोळलेली आहेत. सेलेस्तिन मुसेकुरा हे रवांडाचे हुतू पाळक. कत्तलीच्या वेळी ते नैरोबीत धर्मशास्त्र शिकत होते. त्याच वर्षी त्यांनी ‘आफ्रिकन लीडरशिप अँड रिकन्सिलिएशन मिनिस्ट्रीज’, थोडक्यात ‘अलार्म’ ही संस्था काढली. पुढे ती काँगो, बुरुंडी, केनिया, युगांडा, टांझानिया, दक्षिण सुदान अशी पसरली. १९९७ च्या अखेरीस सूडाच्या हल्ल्यांत मुसेकुरांच्याच घरातली माणसं मारली गेली. क्षमा शिकवणाऱ्याला ती स्वतः करून बघावी लागली. त्यावर त्यांनी पुढे प्रबंध लिहिला, पुस्तकही लिहिलं. दुसरे आंत्वान रुतायिसिरे. वडिलांना १९६३ मध्ये मारलं गेलं तेव्हा ते जेमतेम पाच वर्षांचे होते. पुढे ते अँग्लिकन पाळक झाले आणि १९९९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय एकता व समेट आयोगावर त्यांनी अनेक वर्षं काम केलं.

पाळकांच्या या पहिल्या बैठकीत प्रार्थना, गाणी होतात, पण खरा वेळ जातो एका अवघड प्रश्नावर: आपल्या मंडळीने तेव्हा काय केलं? इथे रवांडाचा जुना इतिहास आड येतो. १९३० च्या दशकात याच देशातल्या गाहिनी गावातून ‘पूर्व आफ्रिकेतलं पुनरुज्जीवन’ नावाची मोठी धार्मिक चळवळ उठली होती. चारचौघांत उभं राहून पाप कबूल करणं ही तिची खूण. म्हणजे कबुलीची सवय या लोकांना भरपूर होती. पण कबूल व्हायचं ते दारू, चोरी, खोटेपणा, व्यभिचार. शेजारच्या गटाबद्दलचा द्वेष पापांच्या यादीत कधी आलाच नाही, आणि तरुणांना कॉलेजात गटानुसार जागा मिळतात हेही कुणाला पाप वाटलं नाही. माझ्या मते या सगळ्या कामात शिकण्यासारखी हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि तीच सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते.

या टप्प्यावर हमखास होणारी चूक म्हणजे हुतू पाळकाने ‘आम्ही सगळेच पापी आहोत’ म्हणून मोकळं होणं. सगळे पापी म्हटलं की कुणीच जबाबदार उरत नाही. अनुभवी शिबिरचालक अशा वाक्यावर थांबवतात आणि विचारतात, कोण, कुठे, काय? दुसरी चूक याच्या उलटी: तुत्सी पाळकाने न्यायाधीशाच्या खुर्चीत बसणं.

डिसेंबर १९९६ मध्ये जर्मनीतल्या डेटमोल्ड इथे हुतू, तुत्सी आणि पाश्चात्त्य ख्रिस्ती एकत्र जमले होते. तिथे प्रत्येक गटाने आपापल्या बाजूने केलेल्या गोष्टींची वेगळी कबुली दिली, पाश्चात्त्यांनीही. ती पद्धत बरी ठरली, कारण कुणी दुसऱ्याचं पाप मोजत बसलं नाही. त्यावर टीकाही झाली: एका माणसाने अख्ख्या गटाच्या वतीने माफी मागायची म्हणजे ज्यांनी काही केलंच नाही त्यांच्यावरही डाग लावायचा का? हा आक्षेप रास्त आहे. त्यामुळे पाळकांच्या बैठकीत ‘मी माझ्यापुरतं बोलतो’ आणि ‘मी माझ्या लोकांच्या वतीने बोलतो’ या दोन गोष्टी आधीच वेगळ्या करून सांगाव्या लागतात.

गावात शिरण्याआधी

पाळक तयार झाले की गावाचं बघायचं. इथे घाई करणारा पुढे हमखास अडकतो.

पहिली भेट स्थानिक प्रशासनाची. रवांडात वांशिक फूट पाडणारं बोलणं आणि नरसंहाराचं समर्थन यांविरुद्ध कडक कायदे आहेत. त्यामुळे चार भिंतींआड काय बोललं जाणार आहे हे अधिकाऱ्यांना ठाऊक असलेलं बरं. या कायद्यांची दुसरी बाजूही आपण लक्षात ठेवावी. ज्यांची माणसं नंतरच्या सूडात, सैन्याच्या हातून किंवा काँगोत पळाल्यावर तिथल्या जंगलात गेली त्यांना आपलं दुःख उघड मांडणं जड जातं. काळजीपूर्वक चालवलेल्या शिबिरात अशा माणसालाही रडायला जागा मिळते. गलथान शिबिरात तो शेवटपर्यंत गप्प बसून परत जातो.

दुसरी भेट बाकीच्या चर्चची. एकाच टेकडीवर कॅथलिक, अँग्लिकन, पेंटेकोस्टल, अ‍ॅडव्हेंटिस्ट अशी चार-पाच चर्च असतात. शिबिर एकाच्या आवारात भरलं आणि इतरांना विचारलंच नाही, की ते ‘त्यांचं’ शिबिर होतं. काही ठिकाणी म्हणूनच जागा मुद्दाम शाळेची घेतात.

मग माणसं निवडायची. क्वेकर हा शस्त्र आणि युद्ध पूर्णपणे नाकारणारा छोटा ख्रिस्ती पंथ. रवांडा आणि बुरुंडीतल्या क्वेकरांनी २००३ मध्ये ‘हीलिंग अँड रिबिल्डिंग अवर कम्युनिटी’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यांची रीत सरळ आहे: एका शिबिरात सुमारे वीस माणसं, दहा कत्तलीतून वाचलेली, दहा तुरुंगातून सुटलेली किंवा तुरुंगात असलेल्यांच्या घरची. चालवणारेही दोन्ही बाजूंचे. वीसपेक्षा जास्त माणसं घेतली तर प्रत्येकाला बोलायला वेळ उरत नाही. निधी देणाऱ्याला मात्र शंभर हवे असतात.

निवडताना एक पथ्य फार महत्त्वाचं आहे. ज्याने मारलं आणि ज्याचं माणूस मेलं त्या नेमक्या दोघांना पहिल्याच शिबिरात समोरासमोर बसवायचं नाही. गाव एक चालेल, प्रकरण वेगळं असावं. आणि बलात्कार सोसलेल्या स्त्रियांना मिश्र शिबिरात आणण्याआधी विधवांच्या एखाद्या गटात किंवा बाई समुपदेशकाकडे, म्हणजे मन मोकळं करायला मदत करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीकडे, बोलायची सोय हवी. रवांडात विधवांची ‘अवेगा’ ही संघटना १९९५ पासून आहे. अशा संघटनेला विचारून पुढे गेलेलं बरं.

तीन दिवस

पहिल्या दिवशी समेटाचं नावही काढत नाहीत. खुर्च्या गोल मांडतात, ओळखी होतात, नियम ठरतात: इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, मध्ये तोडायचं नाही, नको वाटलं तर न बोलण्याची मुभा. मग विषय येतो आघाताचा. आघात म्हणजे मनाला बसलेला असा धक्का की प्रसंग संपला तरी शरीर तो संपल्याचं मानत नाही. झोप न येणं, दार वाजलं की थरथर सुटणं, लहानसहान गोष्टींवर मुलांना मारणं, दारू; ही लक्षणं कागदावर लिहिली जातात. दोन्ही बाजूंची माणसं तीच तीच लक्षणं सांगतात, आणि समोरच्यालाही झोप लागत नाही हे त्या वेळी प्रथमच ऐकायला मिळतं. पहिल्या दिवसाचा हेतू एवढाच.

चूक इथे होते ती पाळकाच्या उत्साहातून. जेवणाआधीच तो क्षमेवर प्रवचन देतो. न पिकलेलं गळू दाबावं तसं ते होतं. लोक ‘आमेन’ म्हणतात आणि आतून मिटून जातात.

दुसरा दिवस शोकाचा. ज्यांना मृतदेह मिळाले नाहीत, अंत्यविधी करता आला नाही, त्यांचा शोक अर्धवट अडकलेला असतो. माणसं आपल्या मृतांची नावं घेतात, कसं होतं ते माणूस ते सांगतात. हा दिवस लांबतो आणि लांबू द्यावा. डोकं धरून जमिनीवर बसणारी, श्वास अडकणारी माणसं असतात. त्यासाठी बाजूला एक खोली, चटई, पाणी आणि अशा वेळी काय करायचं ते शिकलेली दोन माणसं लागतात. ही तयारी नसेल तर दुसरा दिवस घेऊच नये, असं मला स्पष्ट वाटतं.

वेल्श मनोविकारतज्ज्ञ रियानन लॉइड यांनी कत्तलीनंतर लगेचच रवांडात येऊन चर्चच्या पुढाऱ्यांसाठी जी शिबिरं घेतली, त्यांत या टप्प्यावर एक कृती असते. ती आता अनेक संस्था वापरतात. प्रत्येक जण आपल्यावर आलेली सगळ्यात वाईट गोष्ट कागदावर लिहितो. मग दोघा-तिघांच्या गटात ती वाचून दाखवतो. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं. नंतर खोलीत लाकडाचा वधस्तंभ आणून जमिनीवर आडवा ठेवतात. एकेक जण पुढे येतो, हातोडी घेतो आणि आपला कागद त्यावर खिळ्याने ठोकतो. शेवटी तो वधस्तंभ बाहेर नेऊन सगळे कागद जाळतात. ख्रिस्ती माणसाला यातला अर्थ समजावून सांगावा लागत नाही: आपलं दुःख येशूने वाहिलं, हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं असतं. इथे ते हाताने करावं लागतं. लिहिता न येणाऱ्यांसाठी कुणीतरी लिहून देतं, आणि म्हणून लिहून देणारा माणूस तोंड मिटून ठेवणारा असावा.

ही कृती जितकी परिणामकारक, तितकीच ती बिघडवणं सोपं. पाहुणे बघायला आलेले असतात, कुणाच्या तरी हातात कॅमेरा असतो. कागद जळताना कुणीतरी ‘आता सगळं संपलं’ असं म्हणतं. काहीच संपलेलं नसतं. रात्री घरी गेल्यावर तीच झोप उडते. जाणते शिबिरचालक आधीच सांगून ठेवतात की पुढचे काही दिवस जास्त त्रासाचे जातील.

तिसऱ्या दिवशी विश्वासाकडे वळतात. क्वेकरांच्या शिबिरात मोठ्या कागदावर दोन झाडं काढतात, एक अविश्वासाचं, एक विश्वासाचं. मुळांशी कारणं, फांद्यांवर फळं. अविश्वासाचं झाड साहजिकच भराभर भरतं: अफवा, जमिनीचे वाद, रेडिओवरची भाषणं, बापाने मुलाला सांगितलेल्या गोष्टी. दुसऱ्या झाडाला वेळ लागतो. त्यानंतर जोड्या लावतात. एकाच्या डोळ्यांवर पट्टी, दुसऱ्याने त्याचा हात धरून त्याला आवारातून फिरवून आणायचं, पायऱ्या, दगड, ओहोळ सांभाळून, मग अदलाबदल. शहरी वाचकाला हा पोरखेळ वाटेल. ज्याच्या लोकांनी कोयते चालवले त्याच्या हातात डोळे बांधून हात द्यायचा, हे तिथे बसलेल्याला खेळासारखं वाटत नाही.

माफी, आणि माफीनंतरचा हिशेब

आता नेमक्या दोघांची भेट. ती शिबिरानंतर कित्येक महिन्यांनी होते, कधी होतच नाही.

त्याआधी सरकारी न्यायप्रक्रिया समजून घ्यायला हवी. नव्वदीच्या अखेरीस तुरुंगांत लाखाहून जास्त आरोपी कोंबलेले होते. नेहमीच्या कोर्टांना शतक लागलं असतं, म्हणून गावच्या जुन्या पंचायतीच्या धर्तीवर ‘गचाचा’ न्यायालयं उभी केली. २००२ मध्ये प्रायोगिक, २००५ पासून देशभर, आणि जून २०१२ मध्ये समारोप. सुमारे १२,००० न्यायालयांनी साडेएकोणीस लाखांच्या आसपास प्रकरणं हातावेगळी केली. यांत सवलत अशी होती की जो गुन्हा कबूल करेल, साथीदारांची नावं सांगेल, मृतदेह कुठे आहेत ते दाखवेल आणि माफी मागेल त्याची शिक्षा कमी.

त्यामुळे पाळकापुढे प्रश्न उभा राहतो: या माणसाची माफी खरी की सवलतीपुरती? मन उघडून बघता येत नाही. पण काही कसोट्या वापरल्या जातात. माफी मागणारा नावं घेतो का? ‘युद्धात झालं ते झालं’ म्हणतो की ‘मी केलं’ म्हणतो? मृतदेहाची जागा सांगतो का? शेवटची कसोटी सगळ्यात वजनदार. २०१८ मध्ये, म्हणजे चोवीस वर्षांनी, किगालीजवळ काबुगा भागात मोठी सामूहिक थडगी सापडली. शेजारपाजारच्या लोकांनी इतकी वर्षं तोंड उघडलं नव्हतं. बचावलेल्या माणसाला पुष्कळदा माफीपेक्षा हाडं हवी असतात.

मध्यस्थ पाळक आधी दोघांना स्वतंत्र भेटतो, अनेकदा. बचावलेल्या बाईला तो तीन गोष्टी सांगतो: भेटायलाच पाहिजे असं नाही, भेटलीस तरी क्षमा करायलाच पाहिजे असं नाही, आज नाही म्हणालीस तरी मंडळीत तुझं स्थान कमी होणार नाही. तिसरं वाक्य बोलणं सोपं, पाळणं कठीण. क्षमा करणारीला पुढच्या रांगेत बसवतात, तिची साक्ष ऐकायला परगावाहून माणसं येतात आणि नाही म्हणणारी हळूहळू चर्चला येईनाशी होते. अनेक बचावलेल्यांची खरी तक्रार हीच आहे, आणि तिचं उत्तर पुढाऱ्यांनी द्यायचं आहे.

भेट झाली तर ती घरी किंवा पाळकाच्या अंगणात, चारच माणसांत. मिठी मारायला कुणी सुचवू नये. ती व्हायची तर होईल.

मग येतो हिशेब. गचाचासमोर आलेल्या प्रकरणांपैकी सुमारे १३ लाख मालमत्तेची होती: पळवलेली गुरं, काढून नेलेले छपराचे पत्रे, दारं, पिकं. नुकसानभरपाई ठरली, पण पुष्कळांनी ती दिली नाही. काहींकडे द्यायला काही नव्हतंच. पावसात गळणाऱ्या घरात बसून शेजाऱ्याच्या छपरावर आपले पत्रे बघत क्षमेबद्दल ऐकणं किती अवघड असेल, ते आपण समजू शकतो. म्हणून शहाणे पाळक पैशाचा विषय टाळत नाहीत. हप्ते बांधून देतात, पैसे नसतील तर शेतात काम करून फेड ठरवतात, आणि ते कागदावर उतरवून घेतात. हा कागद कोर्टाची जागा घेत नाही, हेही दोघांना सांगून ठेवतात.

रवांडात गाय म्हणजे प्रतिष्ठा, आणि गाय देणं म्हणजे मैत्रीची खूण. ‘कार्सा’ ही ख्रिस्ती संस्था याचाच उपयोग करते. बचावलेला आणि गुन्हेगार अशा जोडीला मिळून एक गाय सांभाळायला देतात. चारा कुणी आणायचा, शेण कुणी काढायचं, वासराचं काय करायचं, यासाठी दोघांना रोज बोलावंच लागतं. ‘प्रिझन फेलोशिप रवांडा’ या संस्थेच्या समेट-गावांतही हेच तत्त्व आहे: दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांची घरं बांधतात आणि मग तिथेच शेजारी राहतात.

पुढचा पाठपुरावा

शिबिरानंतर महिन्याभराने वीसही जणांना पुन्हा एक दिवस बोलावतात. कोण भेटलं, कुणाचं बिघडलं, कुणाला दवाखान्यात पाठवायला हवं ते विचारतात. वीसांतल्या दोन-तीन समंजस माणसांना अधिक शिकवून गावातच ‘सोबती’ म्हणून तयार करतात. ही माणसं डॉक्टर नसतात. ऐकणं, घाबरलेल्याला शांत करणं आणि आपल्या आवाक्याबाहेरचं काय ते ओळखणं, इतकंच त्यांना येतं.

एप्रिलमध्ये त्यांची खरी परीक्षा असते. ७ एप्रिलपासून स्मरणाचा आठवडा सुरू होतो. साक्षी, मिरवणुका, रेडिओवर जुनी नावं. दर वर्षी या दिवसांत अनेकांना आघाताचे झटके येतात. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये नवं शिबिर ठेवायचं नाही. त्या काळात सोबत्यांनी घरोघर फिरायचं.

पुढारी घडवण्याचं काम

शिबिर तीन दिवसांचं, पुढाऱ्यांचं प्रशिक्षण मात्र वर्षानुवर्षं चालतं. खेड्यातले बरेच पाळक पगारी नाहीत. आठवडाभर शेती आणि रविवारी उपासना. त्यांना शहरातल्या विद्यापीठात तीन वर्षं पाठवणं शक्य नसतं. म्हणून थोड्या थोड्या दिवसांचे निवासी वर्ग, वर्षातून काही वेळा, पेरणी-काढणीचे दिवस सोडून घेतात. पवित्र शास्त्र वाचायचं कसं, प्रवचन तयार करायचं कसं, भांडण मिटवताना दोन्ही बाजू कशा ऐकायच्या, आघात कसा ओळखायचा, आणि मंडळीचा जमाखर्च कसा लिहायचा, हे त्यात येतं.

जमाखर्च इथे का, असं आपल्याला वाटेल. मंडळीत फूट बहुतेक वेळा पैशावरून किंवा पदावरून पडते, आणि मग तिला जुन्या गटाचं नाव मिळतं. खजिनदार कोणत्या बाजूचा, गायकवृंदाचा प्रमुख कोण, परदेशी पाहुण्यांना भेटायला कुणाला नेलं, याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. वही उघडी असली की निम्मी कुजबुज बंद होते.

२०१८ मध्ये सरकारने नियम कडक केले. सुरक्षा आणि स्वच्छतेच्या कारणांवरून हजारो चर्च बंद झाली आणि पाळकांकडे धर्मशास्त्राची पदवी असावी अशी अट आली, मुदत पाच वर्षांची. काहींना हा धर्मस्वातंत्र्यावरचा घाला वाटला, काहींना गरजेची शिस्त. प्रशिक्षण संस्थांच्या दारात मात्र गर्दी वाढली आणि नवा धोका आला: प्रमाणपत्रासाठी येणारा पाळक. त्याला समेटाचा तास ‘परीक्षेला नाही’ म्हणून नको असतो.

दुसरा धोका जुनाच. प्रशिक्षण घेऊन परतलेला पाळक ‘मोठा माणूस’ होतो. गाडी, भत्ते, परिषदा. म्हणून काही संस्था एकट्या पाळकाला घेत नाहीत. त्याच मंडळीतून एक बाई आणि एक तरुणही आला पाहिजे अशी अट घालतात. घरी गेल्यावर निदान तिघांना सारखं माहीत असतं.

दुसऱ्या देशात नेताना

रवांडातली पद्धत जशीच्या तशी शेजारी देशात चालत नाही. उत्तर युगांडाचं उदाहरण घ्या. तिथे जोसेफ कोनीच्या ‘लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी’ने मुलं पळवून त्यांच्याच हातात बंदुका दिल्या. गुन्हा करणारा हाच आधी बळी पडलेला. तिथल्या अचोली भागात कॅथलिक, अँग्लिकन, ऑर्थोडॉक्स आणि मुस्लिम पुढाऱ्यांनी मिळून शांततेसाठी मंच उभा केला. जंगलातून परतणाऱ्यांना माफी देणारा कायदा व्हावा म्हणून त्यांनी रेटा लावला आणि तो २००० मध्ये झाला. जून २००३ मध्ये आर्चबिशप जॉन बाप्टिस्ट ओदामा आणि त्यांचे सहकारी गुलू शहरात रस्त्यावर झोपले, कारण पळवलं जाण्याच्या भीतीने हजारो मुलं रोज संध्याकाळी खेड्यांतून चालत येऊन तिथेच झोपत होती.

म्हणून तिथे शिबिराची सुरुवात वेगळीकडून करावी लागते. परतलेल्या मुलाला ‘कबूल कर’ म्हणण्याआधी त्याच्या आईबापांना, शेजाऱ्यांना आणि त्याच्या हातून ज्यांचं नुकसान झालं त्यांना वेगवेगळं बसवून घ्यायचं. अचोलींच्या परंपरेत दोन कुळांत समेट घडवणारा, कडू मुळीचं पेय एकत्र पिण्याचा ‘मातो ओपुत’ हा विधी आहे; भरपाई ठरल्याशिवाय तो होत नाही. तो करावा की नाही यावर पाळकांमध्येच दोन तट आहेत: काहींना ती मूर्तिपूजा वाटते, काहींना ती गावाची स्वतःची न्यायपद्धत. बाहेरून गेलेल्या प्रशिक्षकाने हा वाद तिथल्या वडीलधाऱ्यांवर सोडावा आणि आपली तीन दिवसांची वही तोवर मिटून ठेवावी.